काटवण्यांची हजेरी

१

औरंगपुऱ्यातल्या 'मल्हार साऊंड'मध्ये शिरलं की आधी दिसायचे स्पीकरचे काळे खोके, मग वायरींची वेटोळी आणि मग भिंतीवरचे तीन फोटो. पहिला गोकुळ काटवणे, टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात लोकांना पोट धरून हसायला लावणारा. दुसरी सिल्लोडची अक्षदा काटवणे, कबड्डीत राज्याच्या संघातून खेळणारी. तिसरे रामहरी काटवणे, ज्यांच्या सभेला मैदान अपुरं पडतं असे पुढारी. दुकानाचा मालक मल्हारी काटवणे याचं तिघांपैकी एकाशीही जवळचं नातं नव्हतं. पण गिऱ्हाइकानं "हे तुमचे कोण?" असं विचारलं की मल्हारीची छाती दोन बोटं वर यायची. "आमचेच की," तो म्हणायचा आणि चहा मागवायचा.

त्यात नवल नव्हतं. काल-परवापर्यंत मेंढरांमागं रानोमाळ हिंडणाऱ्या लोकांचं हे आडनाव. तहसीलात कारकून ते दोनदा विचारून लिहायचा आणि तरी चुकवायचा. आता तेच आडनाव टीव्हीच्या पट्टीवर यायचं, खेळाडूच्या पाठीवर दिसायचं, चौकाचौकांतल्या फलकांवर झळकायचं. एकाच्या कपाळी गुलाल लागला की सगळ्या आडनावाला लागल्यासारखा वाटतो, माणसाचं असंच असतं.

दरवर्षी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी बीड बायपासवरच्या एका मंगल कार्यालयात काटवण्यांचा मेळावा भरतो. सत्कार होतात, भाषणं होतात. पण खरं महत्त्वाचं काम असतं पंगतीच्या आधीची हजेरी. पुंजाराम भाट, म्हणजे घराण्याघराण्यांची नावं पिढ्यानपिढ्या वहीत राखणारा माणूस, मांडी घालून बसतो आणि लहानथोर सगळ्यांची नावं मोठ्यानं घेतो. हजर आहे त्यानं "हाय" म्हणायचं. परगावी असेल त्याच्या घरच्यानं उठून "कुशल" म्हणायचं. तीन हाका मारूनही कोणी बोललं नाही, तर पुंजाराम त्या नावाखाली आडवी रेघ ओढतो आणि पुढचं नाव घेतो.

कार्यालयात साऊंड अर्थातच मल्हारीचा असतो. गेल्या वर्षीही होता. फक्त मदतीला मुलगा नव्हता. खंडेराव, चोवीस वर्षांचा एकुलता एक पोरगा, सात महिन्यांपासून बेपत्ता होता. सोयगावच्या लग्नात त्याच्या हातून ॲम्प्लिफायर जळला आणि मल्हारीनं भर मांडवात, वऱ्हाडासमोर त्याच्या कानाखाली वाजवली. वर म्हणाला, "तोंड दाखवू नको मला." पोरगं शब्दाला पक्कं निघालं. अंगावरच्या कपड्यांनिशी गेलं ते गेलंच. पोलिसांत तक्रार झाली, नवस झाले, बाप हाडाचा सापळा झाला.

"खंडेराव मल्हारी काटवणे," पुंजारामनं हाक दिली.

"कुशल" कसं म्हणावं? पोरगं जिवंत आहे की नाही हेच ठाऊक नाही, आणि वहीपुढं खोटं कुशल सांगणं म्हणजे खोटी शपथ. दुसरी हाक झाली. बायकांच्या बाजूला बानाबाई, मल्हारीची बायको, पदराचा बोळा तोंडात कोंबून बसली होती. पुंजारामनं रेघ ओढायला पेन टेकवलं आणि तिसऱ्यांदा नाव घेतलं.

मिक्सरमागं वाकून मल्हारीनं माइक तोंडाशी धरला आणि म्हणाला, "हाय."

बानाबाईनं गर्रकन मान वळवली. सात महिन्यांत तिचा चेहरा एवढा उजळलेला त्यानं पाहिला नव्हता. ती गर्दीत पोराला शोधत होती, आणि मल्हारीला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

पंगत उठल्यावर पुंजाराम जवळ आला. "मल्हारीभाऊ, खंडेराव दिसला नाय जेवताना."

"आसंल गर्दीत."

"आसंल," पुंजाराम म्हणाला. मग वही फडक्यात बांधता बांधता म्हणाला, "आन् नसंल, तर येईलच आता."

२

महिनाभरात खंडेराव आला. सकाळी दहाच्या सुमाराला, पाठीवर पिशवी घेऊन, जणू दूध आणायला गेला होता. बानाबाईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि ढसाढसा रडली. मल्हारीनं पोराचे दोन्ही हात धरले. उजव्या अंगठ्यावर सोल्डरिंगच्या चटक्याचा जुना डाग होता. "चुकलो बाबा मी," मल्हारी म्हणाला. पोरगं हसलं.

कुठं होतास, हे त्यानं सांगितलं नाही आणि कुणी खोदून विचारलं नाही. हरवलेलं घबाड दारात आल्यावर कोण हिशेब मागतो?

पोरगं सुधारलंही होतं. पूर्वी चार माणसांत बोलायचं म्हटलं की ततपप व्हायचं. आता त्यानं माइक हातात घेतला की लग्नातली म्हातारीकोतारी वळून बघायची. लोक निवेदनाला त्यालाच मागू लागले. त्याच्या रील्स फिरू लागल्या आणि सहा महिन्यांत एका वाहिनीचं बोलावणं आलं. मल्हारीनं भिंतीवर चौथा खिळा ठोकला.

खटकलं ते एवढंच, की त्याला हाक पूर्ण मारावी लागायची नाही. "खं" म्हणेपर्यंत उत्तर यायचं, "हाय." पोरगं तत्पर झालंय, बानाबाई कौतुकानं सांगायची.

एकदा दुपारी मल्हारीनं न्हाणीचं दार बंद पाहून हाक मारली. "हाय," आतून आवाज आला. मल्हारी वर गच्चीत वायरी वाळवायला गेला तर खंडेराव तिथं उभा, पाठमोरा, टाकीला टेकून. कोरडा ठणठणीत. मल्हारी परत खाली आला. न्हाणीचं दार उघडं होतं आणि आत एक बादली तेवढी होती.

भिंतीवरून आवाज फिरतो, त्यानं स्वतःची समजूत घातली. तीस वर्षं आवाजाचा धंदा केलेल्या माणसाला आवाज कसा फिरतो ते कुणी शिकवायचं? पण त्या दिवशी तो जेवला नाही.

३

यंदाच्या मेळाव्यात चौघांचा एकत्र सत्कार ठरला. त्याच्या आधी पडद्यावर एक छोटी फीत दाखवायची होती, आणि ती जोडायचं काम मल्हारीकडं आलं. त्याच्या संगणकात जुन्या मेळाव्यांचं सगळं ध्वनिमुद्रण होतं. त्यानं हजेऱ्या काढल्या. गोकुळचा "हाय", अक्षदाचा "हाय", रामहरींचा "हाय". खंडेरावाचे आधीचे "हाय" ततपप करत कसेबसे निघालेले, सत्काराला न शोभणारे, त्यामुळं त्याचा म्हणून गेल्या वर्षीचा स्वतःचाच "हाय" घ्यावा लागणार होता. मनात चोर होता, पण कामाला इलाज नव्हता.

पडद्यावर आवाजाची नक्षी उमटते, कमीजास्त उंचीच्या रेघांची. त्यानं चारही तुकडे एकाखाली एक लावले आणि त्याचा हात थांबला. मग ते एकमेकांवर ठेवले. चार नक्ष्या दिसायला हव्या होत्या. एकच दिसत होती.

एकच माणूस दोनदा "हाय" म्हणाला तरी दोन्ही सारखे येत नाहीत. श्वास बदलतो, जीभ बदलते. इथं चार वेगवेगळी माणसं होती, त्यात एक बाई. त्यानं कानाला हेडफोन लावला आणि एकेक ऐकलं. गोकुळ, अक्षदा, रामहरी, सगळ्यांचा एकच गळा. हाच गळा गेलं वर्षभर घरात रोज ऐकू येत होता. लोक इतकी वर्षं तो ऐकत होते, पण चेहरा समोर असला की कान आळशी होतात.

शेवटी त्यानं गेल्या वर्षीचा, स्वतः माइक धरून म्हटलेला "हाय" ऐकला.

तो त्याचा आवाज नव्हता.

"हाय," पाठीमागून आवाज आला. मल्हारीनं हेडफोन उतरवून वळून पाहिलं. दारात खंडेराव उभा होता.

"मी हाक नाय मारली," मल्हारी म्हणाला.

"मारनार व्हते न," खंडेराव म्हणाला आणि हसला.

४

दुसऱ्याच दिवशी मल्हारीनं सिल्लोडची बस धरली. अक्षदाची आई रत्नमाला मेळाव्यात भेटायची, तेवढ्या ओळखीवर. लेकीच्या जिवावर आता घर स्लॅबचं झालं होतं, कपाटात ढाली मावत नव्हत्या. अंगणात एक सडपातळ पोरगी झाडत होती.

मल्हारीनं आडपडदा न ठेवता विचारलं, "वहिनी, अक्षदाच्या नावाला कधी तुम्ही बोलला व्हता का हो? हजेरीत?"

रत्नमालेच्या हातातली बशी कलंडली. ती लुगड्यावरचा चहा पुसू लागली.

"हॉस्टेलातून निघून गेली व्हती ती," पुसता पुसता ती म्हणाली. "चार महिने पत्ता नाय. लोक काय म्हनतील म्हनून मी पदर तोंडावर घेऊन हाय म्हनले. मंग आली. खेळायला लागली. नाव झालं."

"आन् मंग?"

"मंग वर्सानं, पुढल्या हजेरीच्या दिशी, नावं चालू असताना एक पोरगी मांडवाच्या दारात हुबी ऱ्हायली. मुकी. लई भुकेली. मला दया आली, मी वाढलं तिला, मंग संगं घरी आनलं. जेवताना तिनं कांदा बाजूला काढला. अक्षदा ल्हानपनी काढायची तसा." तिनं अंगणाकडं पाहिलं नाही. "तवा नाय वळखली मी, भाऊ. पोटची पोर नाय वळखली. आता वळखते."

अंगणातली पोरगी झाडत झाडत, अक्षदाच्या सरावासाठी आखलेल्या कबड्डीच्या मधल्या रेघेपाशी आली. ओलांडण्याआधी तिनं चवड्यानं ती रेघ शिवली आणि झटकन पाय मागं घेतला. मग पुन्हा झाडू लागली.

"मंग हाक मारा न तिला! नावानं हाक मारा!" मल्हारी जवळजवळ ओरडलाच.

रत्नमाला उठली, दारात गेली आणि अगदी हळू, शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही अशी म्हणाली, "अक्षदा."

पोरीनं मान वर केली. त्याच क्षणी कपाटावरचा मोबाइल वाजला. रत्नमालेनं तो उचलून मल्हारीच्या कानाला लावला. पुण्याच्या कुठल्याशा मैदानावरचा गलका ऐकू येत होता, आणि त्यावरून तो गळा.

"हाय, आई."

मल्हारीनं फोन बंद करून कपाटावर ठेवला. रत्नमालेनं त्याला पाणी दिलं. "ती हजेरीच्या आदी पोचली आसती, सोता हाय म्हनली आसती, तर काय झालं आसतं कोन जाने," ती म्हणाली. "मला ठाऊकच नव्हतं. तुमाला ठाऊक झालंय."

५

मेळाव्याला नऊ दिवस उरले होते. मल्हारी वेड्यासारखा धावला. पोलीस ठाणी, दवाखाने, रेल्वे स्टेशन. आलेला पोरगा पुन्हा का शोधताय, असं फौजदारानं विचारलं तेव्हा तो पुढच्या ठाण्याकडं निघाला. पुंजारामचे तर त्यानं पाय धरले. "खोडा ते नाव. रेघ वढा." पुंजाराम म्हणाला, "हाय म्हनल्यावर रेघ कशी वढू? मी लिवनारा, भाऊ. बोलनारे तुमी."

शेवटी त्यानं बानाबाईला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

"सात महिने मी या घरात हाक मारायचे आन् भिंती गप बसायच्या," ती म्हणाली. "आता कोनतरी हाय म्हनतंय. तेवढं ऱ्हाऊ द्या मला."

रविवारी सकाळी कार्यालयात खोके लावत असताना मल्हारीचा मोबाइल वाजला. नंबर अनोळखी होता.

"दादा," पलीकडून कुणी तरी म्हणालं. "त...तुमी फोन ठिवू नका. मी खंडू."

तो अडखळता, घाबरट, कधीच धड न निघणारा आवाज! मल्हारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पोरगं सुरतेला होतं, कापडाच्या लूमवर कामाला. लाजेनं फोन केला नव्हता. आणि परवा कुणाच्या तरी मोबाइलवर त्यानं एक रील पाहिली होती.

"दादा, तुमच्यासंगं त्यो कोन हाय? माझ्यावानी?"

"तू कुटं हायेस आत्ता?"

"निघालोय. गाडी सिल्लोडच्या अलीकडं घाटात हाय. प...पुढं ट्रक आडवा झालाय म्हनं."

"खंडू, ऐक. चालत ये, पळत ये, कोनाच्या बी गाडीवर बस. पन हजेरीत तुझं नाव निघायच्या आत ये. आन् सोता, तुझ्या तोंडानं हाय म्हन. लेकरा, मी चुकलो, लई चुकलो. ये फकस्त."

६

दुपारी एकला हजेरी सुरू झाली. मंचावर चार खुर्च्या होत्या आणि चारही भरलेल्या. गोकुळ, अक्षदा, रामहरी आणि खंडेराव. चौघांनी एकाच वेळी पायावर पाय टाकला. लोक डोळे भरून बघत होते. एका आडनावात चार हिरे, असं मघाशीच कुणी तरी भाषणात म्हणालं होतं.

मल्हारीनं मोबाइल कानाला चिकटवला होता. "म...मोटारसायकलवर हाय दादा, फुलंब्री सोडलं." मग, "हर्सूल आलं." मल्हारी मिक्सरवरची बटणं मुद्दाम चुकीची फिरवत होता. शिट्टी वाजली, लोकांनी कान झाकले, पाच मिनिटं गेली. त्यानं एक वायर उपटली आणि सापडत नाही म्हणून सात मिनिटं शोधली. "मल्हारीभाऊ, वय झालं वाटतं," कुणी तरी हसलं. शेवटी त्यानं मागं जाऊन मेन स्विचच पाडला. पंखे थांबले, मिक्सरवरचे दिवे विझले. जनरेटरची चावी त्याच्या खिशात होती.

"ऱ्हाऊ द्या," पुंजाराम म्हणाला. "आमच्या बापजाद्याला कुटं व्हता माइक?" आणि खणखणीत आवाजात त्यानं पुढचं घर घेतलं.

"मल्हारी सांडू काटवणे."

"हाय," मल्हारी म्हणाला. त्याचे डोळे दाराकडं होते.

"बानाबाई मल्हारी काटवणे."

"हाय."

"थांबा!" मल्हारी मंचाकडं धावला. "पुंजारामभाऊ, थांबा वाईच! माझा पोरगा यायचाय आजून!"

सभेत हशा पिकला. पोरगा तर मंचावर बसला होता. बानाबाईनं लाजेनं खाली पाहिलं.

"दादा," कानात आवाज आला, धापा टाकणारा. "आलो, गेटातच हाय, कमान दिसतीया, म...मी..."

"खंडेराव मल्हारी काटवणे," पुंजाराम म्हणाला.

"म्हन! खंडू, म्हन!" मल्हारी फोनमध्ये किंचाळला.

मंचावरचा खंडेराव खुर्चीतून उठला. त्यानं तोंड उघडलं की नाही, हे मल्हारीला पुढं कधीच सांगता आलं नाही, कारण तो बघत होता उरलेल्या तिघांकडं. तिघांचे ओठ एकदम विलगले. त्याच क्षणी, वीज नसलेल्या बाराच्या बारा खोक्यांमधून आवाज आला.

"हाय."

फोनमधला आवाज तुटला. फोन चालू होता, श्वास ऐकू येत होता, याच मांडवातला गलबला दोनदा ऐकू येत होता, एकदा बाहेरून आणि एकदा कानातून. पण बोलणारं कुणी नव्हतं.

मल्हारीनं दाराकडं पाहिलं. कमानीखाली एक वाळका, धुळीनं माखलेला पोरगा उभा होता. मोबाइल कानाला होता. त्याचे ओठ हलत होते. हाय, हाय, हाय, असे ते हलत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, आणि आवाज म्हणून काही निघत नव्हता.

"अगं बाई," बानाबाई शेजारणीला म्हणाली, "कोनाचं पोरगं हाय ते? लई भुकेलं दिसतंय. जेवायला बसवा कोनी त्याला."

मल्हारी माणसं तुडवत दाराशी गेला. "खंडू!" त्यानं पोराला मिठीत घेत हाक मारली.

"हाय, दादा," पाठीमागून मंचावरून उत्तर आलं.

पोराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं उजवा हात वर करून बापाला अंगठा दाखवला. डाग तिथंच होता. मल्हारीनं पुन्हा नाव घ्यायला तोंड उघडलं. मंचावर चौघांनीही माना किंचित पुढं केल्या. मल्हारीनं तोंड मिटलं.

पंगत बसली. मल्हारीनं पोराला धरून नेलं, शेवटच्या पाटावर बसवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी बसला. पोरानं ताटातल्या मिठाकडं बोट केलं, लहानपणी करायचा तसं, आणि मल्हारीनं आपल्या ताटातलं मीठ त्याच्या ताटात सारलं. वाढणारा सोमनाथ, मंडळाचा कार्यकर्ता, पोळ्यांची चळत घेऊन पुढं आला.

"काका, हे पाव्हनं कोन? नाव काय ह्यांचं?"

मल्हारीनं मंचाकडं पाहिलं. मग पोराकडं.

"मुका हाय बिचारा," तो म्हणाला. "वाढ त्याला पोटभर."